एसाविराच्या लाटांत काइट घेऊन बाहेर कसं पडायचं?

करवीर७५: जूनमध्ये मोरोक्कोतल्या एसाविराला आठ दिवस काइटसर्फिंगला (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून जाण्याचा खेळ) जातोय. रामेश्वरमच्या उथळ, सपाट पाण्यात शिकलोय. दोन्ही बाजूंना जाता येतं, निघालो त्याच जागी परतही येतो. लाटांची मात्र सवय नाही. वजन 75 किलो, काइट 9 आणि 12 (चौरस) मीटरचे. एवढ्यावर भागेल का? काठावर फुटणाऱ्या लाटा पार कशा करायच्या? आणि कोल्हापुरात बसून काय तयारी होईल?

उधाणभरती: भावा, 12 चा घरीच ठेव. तिथे एप्रिल ते सप्टेंबर अलीझे नावाचा उत्तरेचा वारा असतो, दुपारी 25 ते 30 नॉटपर्यंत चढतो (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी). काइटच्या मापाचा ढोबळ हिशेब असा: वजन गुणिले 2.2, भागिले नॉट. तुझे झाले 165. म्हणजे 25 नॉटला 6.6 आणि 30 ला 5.5. रोजच्यासाठी 7, जोराच्या दिवशी 5 हे तिथेच भाड्याने घे. 9 फक्त पडत्या वाऱ्याला. हवा कमी भरू नकोस, काइटवर छापलेला आकडा गाठ. काइटच्या पुढच्या कडेची हवेची नळी मऊ राहिली तर लाटेच्या एका तडाख्यात दुमडते. खालचं गार पाणी वर येत असल्यामुळे उन्हाळ्यातही समुद्र थंड असतो, म्हणून 4/3 मिलिमीटरचा वेटसूट (अंगावर 4, हातापायांवर 3 मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख) लागेलच.

आता लाटा. समुद्राकडे तोंड केलंस की वारा उजवीकडून येतो. गावाला लागून मोगादोर बेटाच्या आडोशाने लाटा लहान, पण तटबंदीमुळे वारा तुटक. दक्षिणेला सरकावं तसा वारा सलग होतो आणि लाटाही वाढतात. पहिले दोन दिवस मधल्या पट्ट्यात काढ.

उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघ. लाटा घोळक्याने येतात. मोठी फुटून गेली की निघायचं. काइट घड्याळाच्या 12 वर, म्हणजे थेट डोक्यावर, ठेवून कमरेइतक्या पाण्यात जा. बोर्ड वाऱ्याच्या बाजूला, हातात. तो तू आणि लाट यांच्यामध्ये कधीच येऊ देऊ नकोस, नाहीतर थेट तोंडावर बसतो. बोर्डाला दोरी बांधू नकोस, ताणून सुटला की डोक्यात येतो. मग काइट 1 कडे आणून लगेच उभा राहा. फुटलेल्या लाटेचा फेस समोर आला की आधी जरा वारा वाहतो त्या दिशेला वळून वेग घे, मग बोर्डाचं टोक सरळ फेसावर, गुडघे सैल, पुढच्या पायावरचा भार कमी. नवखे इथेच चुकतात: लाट बघून घाबरतात आणि बार (काइट चालवायचा हातातला दांडा) पुढे ढकलतात. ओढ जाते, बोर्ड थांबतो, दोऱ्या सैल पडतात आणि काइट कोसळतो.

माळावरचा_वारा: कोसळला तर बार ओढत बसायचं नाही. दोऱ्या ताठ असताना लाट काइटला किनाऱ्याकडे ढकलते आणि तू नांगरासारखा अडकतोस. त्यात कापड फाटतं. काइटच्या दिशेने पोह, दोऱ्या सैल ठेव, हातापायांत गुंतू देऊ नकोस. दोन लाटांत काइट उठला नाही तर क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात तोडणारा खटका) दाब, काइट एका दोरीवर लोळतो. तरीही ओढतच राहिला तर सेफ्टी लीशही (काइटला तुझ्याशी जोडणारी शेवटची दोरी) सोडून दे. काइट दुसरा घेता येतो. हार्नेसला (काइट अडकवायचा कमरेचा पट्टा) दोऱ्या कापायची आकडी सुरी हवीच.

कोल्हापुरात नेमकी हीच तयारी होते. हार्नेस घालून, डोळे मिटून क्विक रिलीज सोडायचा आणि परत जोडायचा, दोन्ही हातांनी, रोज वीसेक वेळा. शेंडा पार्कसारख्या मोकळ्या माळावर 2-3 मीटरचा ट्रेनर काइट (सरावाचा छोटा काइट) न बघता चालवायला शिक. विजेच्या तारा मात्र लांब हव्यात. आणि तलावात न थांबता 500 मीटर पोहता आलं पाहिजे.

करवीर७५: एसाविराच्या उत्तरेला असलेल्या मूलाय बुझरक्तूनच्या किनाऱ्यावर एक दिवस जाऊ का? आणि बाहेर जाताना समोरून कुणी आला तर आधी वाट कुणाची?

उधाणभरती: या खेपेला नको. ती जागा पारंगतांची आहे, लाट जड आणि काठाला खडक. वाटेचं म्हणशील तर समोरासमोर आल्यावर ज्याचा उजवा हात पुढे, हक्क त्याचा. तिथे बाहेर जाताना तुझाच उजवा पुढे असतो, पण लाटेवर स्वार झालेल्याला तू वाट द्यायचीस.

एक राहिलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती वाळू गिळते आणि काइट उतरवायला जागा उरत नाही. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी काठावर ये. वारा ईशान्येकडून येत असेल त्या दिवशी लांब जाऊ नकोस, तो समुद्रात लोटतो.