‘सवय’ असणे, होणे, लागणे: दुखण्याची की गोळीची?

कमरेतली नस दबलेली असण्याला मला आता नऊ वर्षं झाली. डाव्या पायात आग, मुंग्या, मधूनच विजेसारखी चमक. त्यावर दिवसातून दोनदा ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी, आणि रात्री नसेच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन. गेल्या महिन्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ऑपरेशन सरळ पार पडलं. घोटाळा झाला तो त्याआधीच्या प्रश्नोत्तरांत.

भरती करून घेताना एका तरुण डॉक्टरांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "कसली सवय?" तंबाखू, दारू असं त्यांना विचारायचं होतं, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत दुखण्याचंच बोलणं चाललं होतं, म्हणून मी म्हटलं, "हो, नऊ वर्षांची सवय आहे आता. गोळ्या चालूच आहेत ना." त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी भूल उतरली. टाके ठसठसायला लागले आणि उजवा खांदा भरून आला. मी बेल वाजवली. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला सवय आहे ना ताई, थोडी कळ काढा." अर्ध्या तासाने तेच डॉक्टर दाराबाहेर माझ्या बहिणीला हळू आवाजात सांगत होते, "यांना सवय आहे, आपल्याला जपून द्यावं लागेल." एकीच्या लेखी मी सोशिक, दुसऱ्याच्या लेखी मी व्यसनी. शब्द एकच, आणि दोन्हीकडून माझं इंजेक्शन लांबलं. भरीत भर म्हणजे माझ्या रोजच्या गोळ्याही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी दिल्या नाहीत. घाम, जांभया, अंगावर काटा, जिवाची नुसती तगमग.

तर प्रश्न असा: या ‘सवय’ शब्दाच्या पोटात एकूण किती अर्थ आहेत, आणि ते वेगळे काढायला मराठीत शब्द आहेत का? तयार केलेले, कोशातले नकोत. वॉर्डात उच्चारता येतील असे हवेत.

पानसुपारी

क्रियापदाकडे बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. सवय *होते* ती थंडीची, गर्दीची, लोकलची. त्यात कुणाचा दोष नसतो. सवय *लागते* तेव्हा लागणाऱ्या गोष्टीत ओढ असते. चट, नाद, वेड, व्यसन हे सगळे ‘लागतात’. आणि *जडते* म्हटलं की ती सुटणार नाही हे बोलणाऱ्याने ठरवूनच टाकलं. आजारही जडतो, प्रीतीही जडते. तुम्ही म्हणालात ‘सवय आहे’, म्हणजे झाली, लागली की जडली, हे ऐकणाऱ्यावर सोडलंत. फॉर्मवर तर नुसतं नाम उरतं. क्रियापद गळालं की माणूस आरोपी.

रात्रपाळी

मी अठरा वर्षं सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. आधी तुमची माफी मागते, कारण "सवय आहे ना" हे वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे. प्रत्यक्षात उलटं असतं. ज्याचं आधीपासून दुखतंय त्याला ऑपरेशननंतर जास्त दुखण्याचीच शक्यता असते.

आम्हाला शिकवतात त्यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, तेवढ्याच गोळीचा परिणाम हळूहळू कमी होतो. दोन, गोळी अचानक थांबवली की शरीर कुरकुर करतं; तुमचा घाम आणि जांभया यातल्याच असाव्यात. तीन, त्रास होतोय हे दिसत असूनही माणूस त्या औषधाच्या मागे धावतो. पहिल्या दोन गोष्टी रोज ट्रॅमाडॉलसारखं औषध घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतात. तिसरी वेगळी. पण पेशंटशी बोलताना आम्ही तिन्हीला ‘सवय’च म्हणतो. त्यात २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, त्यामुळे ते नाव ऐकलं की नवीन डॉक्टर जरा बिचकतातच.

आणि खांद्याचं म्हणाल तर तो स्नायू नव्हता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने पोट आणि छातीमधला पडदा चुरचुरतो, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोन-चार दिवसांत जाते. हे आधी सांगायला हवं होतं कुणीतरी.

ठेचाभाकर

पहिल्यासाठी शब्द आहे की! *सरावणे*. आमच्याकडे पाहुणा पहिल्या दिवशी ठेच्याने रडतो, आठ दिवसांत त्याची जीभ सरावते, मग त्याला दोन मिरच्या जास्त लागतात. "माझं शरीर या गोळीला सरावलंय, नेहमीचा डोस पुरणार नाही." यात कुठे लाज आहे?

दुसऱ्यासाठी *अडणे*. चहा न घेता दुपार झाली की डोकं ठणकतं ना? चहावाचून अडतं, म्हणून कुणी तुम्हाला चहाबाज ठरवून दूध-साखर मोजून देत नाही. तिसऱ्यासाठी *आहारी जाणे* आहेच, आणि तो शब्द तिथेच राहू द्यावा.

पानसुपारी

सरावणे उत्तम. एक शंका: त्याच घरातला वाटणारा ‘सराईत’ हल्ली फक्त पोलिसांच्या बातमीत भेटतो. "पेशंट सराईत आहे" असं कुणी फाइलवर लिहू नये म्हणजे झालं.

ठेचाभाकर

:) मग ‘अंगवळणी’ घ्या. पण ते दुखण्यासाठी ठेवावं असं मला वाटतं. दुखणं अंगवळणी पडतं, म्हणजे त्याच्यासकट भाकरी थापता येते. कमी होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

हे वाक्य नऊ वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं. दहापैकी किती दुखतंय विचारतात तेव्हाही हाच गोंधळ होतो. माझं रोजचंच पाच असतं. आठ सांगितलं तर चेहरा बघून म्हणतात, आठवाली माणसं अशी बोलत नाहीत.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ. (टोपणनाव त्यामुळेच. भूल देतो आणि भुलवतोही, असं घरी म्हणतात.)

आकडा एक सांगू नका, दोन सांगा: "रोजचं पाच, आत्ता आठ." आम्हाला या दोन्हींतलं अंतर हवं असतं. शिवाय *कुठलं* दुखणं ते सांगा, आणि इथे मराठी फार कामाची आहे. आग, चमक, सणक, मुंग्या हे शब्द आले की माझं लक्ष नसेकडे जातं. ठसठस, ओढ, ताण म्हटलं की जखमेकडे. दोघांची औषधं वेगळी. पॅरासिटामॉल टाक्यांच्या ठसठशीला आधार देतं, पायाच्या आगीवर त्याचं फारसं चालत नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॉन्ट्रियलला १९७५ मध्ये दुखण्याच्या इंग्रजी शब्दांची प्रश्नावली केली, त्यात ७८ शब्द आहेत, वीस गटांत. मराठीत बसलो तर तेवढे आपल्या आज्यांकडूनच मिळतील.

रोजच्या गोळ्यांचं: ऑपरेशनच्या आधी भूल-तपासणी होते, तेव्हा नाव, डोस आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या आणि विचारा, "सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का?" बहुतेकदा उत्तर हो असतं. रोजचा डोस हा पाया. ऑपरेशनचं दुखणं त्याच्या वर, त्याला वेगळं औषध. आपलं आपण मात्र वाढवू नका. ट्रॅमाडॉलच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, वरून सुटं घेतलं की नकळत दुप्पट होतं.

रात्रपाळी

एक भर. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत आहे की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा. आमच्या ड्युटी रूममध्ये चिकटवलंय. वाचतं कोण, ते विचारू नका.

पानसुपारी

यात ‘कळ’ राहिली. कळ *येते* ती शरीराला, कळ *काढतो* तो माणूस, कळ *लावतो* तो शेजारी. सिस्टर "कळ काढा" म्हणतात तेव्हा किती वेळ, ते सांगत नाहीत. माझी आजी बाळंतिणीला सांगायची तेव्हा निदान शेवट माहीत असायचा.

मूळ प्रश्नकर्ती

बरोबर, माझा आक्षेप तोच आहे. दहा मिनिटं कळ काढा म्हणा, काढते.

चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली आहे: "नसेचं दुखणं, नऊ वर्षं. रोजचं पाच. शरीर ट्रॅमाडॉलला सरावलंय, अचानक बंद केलं तर अडतं. कसलंही व्यसन नाही." बहिणीने शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं, म्हणाली उगाच संशय येतो. खोडलं.

‘हुळहुळणे’साठी मात्र कुणी काही सुचवा. जखम बरी होत आली तरी कापड लागलं की जे होतं ते. रात्रीच्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांना ठसठस लगेच कळलं, बोटांनी ठोके मारून दाखवलं त्यांनी. हुळहुळ काही केल्या कळेना. शेवटी मी टाक्यांवरची चादर चिमटीत धरून वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग त्या गेल्या आणि एक रिकामं खोकं घेऊन आल्या, चादरीखाली ठेवायला.