मदत हवी आहे : डॅटसन २४०झेडचे पुढचे कंट्रोल आर्म

मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. १९७२ची डॅटसन २४०झेड आहे, फक्त रविवारी फिरवायला. मागच्या मालकाने स्प्रिंगा कापून गाडी बसकी केली आहे. पुढचं डावं टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत झालंय. अलाइनमेंटवाल्याने मोजलं तर डावा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरून आत झुकलेलं) उणे २ अंश, उजवा उणे अर्धा! या गाडीत पुढचा कॅम्बर कंपनीकडून अ‍ॅडजस्टेबल नाहीच, त्यामुळे त्याने हात वर केले.

जॅक लावून खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) बुशात, म्हणजे त्याच्या रबरी सांध्यात, टॉमी घातली, तर रबराचा चुरा हातात आला. म्हणजे बुश तर बदलायचेच आहेत. मग लांबी कमी-जास्त करता येणारे आर्मच घालावेत का? आर्म थोडा आखूड केला की चाक खालून आत येईल, हे कळतं. पण बाजारातल्या बहुतेक आर्मना आतल्या टोकाला बुशाऐवजी रॉड-एंड (धातूचा गोळीसारखा सांधा) असतात. रस्त्यावर ते किती टिकतात? पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठात खडखडायला लागतात म्हणे. पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुशवाले आर्म कोणी वापरलेत का?

की आधी स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उभा खांब) वाकलाय का ते बघू? खरं तर मला तोच संशय जास्त आहे. आणि तो घरच्या घरी तपासायचा कसा?