२२ महिन्यांची जुळी: ताई दोघांचं बोलते, धाकटा चावतो. काय करू?

सातारची_आई

ज्यांच्या घरी जुळी वाढली आहेत त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

माझी मुलगी आणि मुलगा आता २२ महिन्यांचे आहेत. ती तीन मिनिटांनी मोठी, म्हणून घरात ती ताई आणि तो धाकटा. ३४ आठवडे पूर्ण झाले आणि लगेच झाले. तिचं वजन १ किलो ९००, त्याचं १ किलो ६००. तो ११ दिवस काचेच्या पेटीत होता. आता दोघंही धावतात, सोफ्यावर चढतात, वाटीभर मेतकूट-तूप-भात संपवतात. खाण्यापिण्याचं काही नाही. काळजी वेगळीच आहे.

ताईचे चाळीसेक शब्द झालेत. "बाबा भुर्र", "माऊ बघ" असं जोडूनही बोलते. धाकट्याचे मोजून पाच: आई, काऊ, बाऊ, नको, आणि ताईसाठी त्याने स्वतः काढलेला "डिडी". त्याला तहान लागली की तो आमच्याकडे येतच नाही. तिचा फ्रॉक ओढतो. मग ती माठाकडे बोट करून सांगते, "याला पाई." आम्ही पाणी देतो. इतके दिवस आम्हाला याचं कौतुकच वाटायचं, फोनवर सगळ्यांना सांगायचो. आता वाटतं, त्याला बोलायची गरजच कुणी ठेवली नाही.

आणि तो चावतो. फक्त तिलाच. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, साडेपाचला घरी पोचते. चप्पल काढेपर्यंत दोघं पायाला मिठी मारतात आणि मांडी कुणाची यावरून सुरू होतं. परवा तिच्या मनगटाच्या वर चावला. कातण्याने करंजीची कड कापावी तशी दातांची अर्धगोल नक्षी उठली होती, आधी पांढरी, मग लाल, रात्रीपर्यंत जांभळी. ती ओरडलीही नाही. हात माझ्यापुढे धरून "बाऊ" म्हणाली आणि त्याच हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

संक्रांतीनंतर दोघांचं बोरन्हाण केलं तेव्हाही सगळ्यांदेखत चावला. जमलेल्या बायकांपैकी एक त्याला राक्षस म्हणाली. बावीस महिन्यांच्या लेकराला असं म्हणू नये. तो वाईट नाही हो. झोपताना तिचा हात हातात असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

यांची कामाची पाळी बदलती असते, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या दिवसभर दोघांना सांभाळतात हेच खूप आहे. घरात सगळे म्हणतात की मुलगे उशिरा बोलतात, जुळी एकमेकांकडून शिकतात, थांब. थांबू का? चावणं कसं थांबवलंत? कुणी म्हणालं की तुम्हीही एकदा त्याला चावून दाखवा. ते माझ्याकडून होणार नाही.

दोन_मुलग्यांचा_बाबा, नाशिक

ताई, चावून अजिबात दाखवू नका. मोठ्यांनी केलं म्हणजे ते चालतं एवढंच त्याला कळेल.

आमचे दोघे आता चार वर्षांचे आहेत. दीड ते अडीच वर्षांपर्यंत आमच्याकडे रोज हेच होतं. मला जे जमलं ते सांगतो. चावा पडला की आधी ज्याला लागलंय त्याला उचलायचं. चावणाऱ्याकडे बघून एवढंच म्हणायचं, "चावायचं नाही. तिला दुखतं." आवाज न चढवता, आणि पुढे भाषण नाही. आम्ही आधी उलट करायचो. चावणाऱ्याला धरायचो, समजवायचो, डोळे मोठे करायचो. म्हणजे मांडीसाठी भांडण, आणि चावलं की अख्खा बाबा मिळतो.

दुसरं, वेळ बघा. तुम्ही लिहिलंय साडेपाच. दुपारची झोप दोनला संपत असेल आणि नंतर खाणं झालं नसेल तर त्या वेळी पोरं भुकेली असणार. आम्ही पाचच्या ठोक्याला उकडलेलं रताळं नाहीतर केळं द्यायला लागलो. आठवड्यात फरक दिसला. आणि घरी आल्यावर उभं राहूच नका. हातातली पिशवी दाराशी ठेवायची, सतरंजीवर पाय पसरून बसायचं, एक मांडी याची, दुसरी तिची. हातपाय धुणं दहा मिनिटांनी.

खेळणी दोन-दोन सारखी आणली तर निम्मी भांडणं मिटतात. आई मात्र दोन आणता येत नाही, ते भांडण राहणारच.

वाचा_आणि_भाषा

मी स्पीच थेरपिस्ट आहे, छत्रपती संभाजीनगरला काम करते. मुलाला न बघता निदान करता येत नाही, पण "थांबू का" याचं उत्तर देते: थांबू नका. याचा अर्थ घाबरा असा नाही.

मुलं ३४ आठवड्यांना जन्मली, म्हणजे सहा आठवडे लवकर. दोन वर्षांपर्यंत आपण तेवढं वय वजा करून बघतो. त्या हिशेबाने तो साडेवीस महिन्यांचा. जुळ्यांमध्ये बोलणं थोडं मागे राहिलेलं बऱ्याचदा दिसतं. एक तर बरीच जुळी लवकर जन्मतात, आणि मोठ्या माणसाशी एकट्याने, डोळ्यात बघून होणारं बोलणं प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. एकमेकांकडून ती शिकतात हे खरं, पण दुसऱ्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढेच. साधारण दोन वर्षांला पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं. पाच शब्द कमी आहेत.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. पेटीत राहिलेल्या बाळाचं तर नक्कीच. जन्मानंतरची तपासणी नॉर्मल आली असली तरी आता पुन्हा करा. तपासणी दुखत नाही, बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) तर झोपेतच करतात. सरकारी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे हे मोफत होतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, पण अजून कितीतरी आईवडिलांना तो माहीत नाही. साताऱ्यात चौकशी करा, अंगणवाडीताईही सांगतील.

तोपर्यंत या गोष्टी बघून ठेवा. पाठीमागून हाक मारली तर वळतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? "चप्पल आण" असं हातवारे न करता सांगितलं तर आणतो का? डॉक्टर हेच विचारतील.

आणि घरी: ग्लास हातात घ्या, त्याच्या उंचीला बसा, "पाणी?" म्हणा आणि पाच-दहा सेकंद थांबा. काहीही आवाज काढला, बोट दाखवलं, तरी लगेच द्या. रडेपर्यंत अडवू नका. शब्द रडवून काढायचा नसतो. चावणंही यातच येतं. सांगता येत नाही तेव्हा दात पुढे येतात.

चिपळूणची_आजी

माझ्या नाती जुळ्या, आता पहिलीत आहेत. दोन वर्षांच्या होईपर्यंत माझ्याकडेच होत्या. सुनेने एक नियम केला होता आणि मला तो आधी पटला नव्हता: रोज अर्धा तास एकीला एकटीला न्यायचं. एक दिवस हिला, एक दिवस तिला. मी परसात फुलं काढायला न्यायची. जिला ठेवायचो ती पहिले चार दिवस दार धरून रडली. पाचव्या दिवशी आपणच आजोबांकडे गेली.

दोघी एकत्र असल्या की मला त्या दोघीच दिसायच्या. एकटीला घेऊन बसल्यावर कळलं की मिक्सरच्या आवाजाला धाकटीच भिते. थोरली तिला बघून रडते. दीड वर्ष मी दोघी भितात असंच समजत होते.

सासूबाईंना कडेवर घ्यायला सांगू नको गं. गुडघे दुखणाऱ्या बाईला पायरीवर बसून एका लेकराबरोबर शेंगा सोलता येतात.

मी_पण_जुळी, कोल्हापूर

मी २७ वर्षांची आहे, मला जुळा भाऊ आहे, आणि तुमच्या घरातली ताई मीच होते. म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

मला सगळे हुशार म्हणायचे, कारण मी त्याचं सगळं सांगायचे. बालवाडीत त्याने डबा का खाल्ला नाही हे बाई मला विचारायच्या. पाच वर्षांची असताना त्याला ताप आला, डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतंय, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. मी "पोट" म्हणाले, कारण काहीतरी सांगायला हवं होतं. मी चुकीचं सांगितलं आणि त्याला काही झालं तर, ही भीती मला पुढे कितीतरी वर्षं होती.

त्याला बोलायला शिकवाल तेव्हा तिला या कामातून मोकळं करा. तो चावल्यावर तिनेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला हे वाचून मला रडू आलं. तिला सांगा की तिला राग आला तरी चालेल. "नको" म्हणायला तिलाही शिकवा. आणि एकदा तिला एकटीलाही कुठेतरी न्या.

सातारची_आई

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. रोज लिहीन म्हणत होते.

कान तपासले. पडद्यामागे पाणी साठलं आहे. डिसेंबरभर त्याला सर्दी होती, त्यातून झालं असावं असं डॉक्टर म्हणाले. लहान मुलांत होतं, बहुतेक वेळा आपोआप जातं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आतला कान चांगला आहे. पण सध्या त्याला आपलं बोलणं दबलेलं ऐकू येत असणार. मी स्वयंपाकघरातून हाक मारायचे, तो यायचा नाही, मी म्हणायचे हट्टी आहे, ऐकतच नाही. त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. मला हे आठवलं की आजही गलबलून येतं. आता घरात कुणी त्याला लांबून हाक मारत नाही, जवळ जाऊन, समोर बसून बोलतो. सासूबाईंनी तर टीव्ही दिवसभर बंदच ठेवला आहे, मी न सांगता.

पाचला खाणं सुरू केलं, सतरंजीवर बसणंही. आधी आठवड्यात चार-पाच चावे व्हायचे, गेल्या पंधरा दिवसांत दोन झाले. नाशिकच्या दादांचे आभार.

हे सकाळपाळीला असतात त्या आठवड्यात मी संध्याकाळी एकाला गोल बागेत नेते. धाकटा एकटा असला की वेगळाच असतो. वाळलेली पानं गोळा करतो, एकेक माझ्या तळहातावर ठेवतो आणि प्रत्येक पानानंतर तोंडाकडे बघतो, मी "पान" म्हणेपर्यंत. तिथे मागे वळून फ्रॉक शोधत नाही.

गेल्या गुरुवारी माठापुढे ग्लास धरून बसले. "पाणी?" ताई सांगायला धावत आली, तेवढ्यात यांनी तिला उचललं आणि चिमण्या दाखवायला गॅलरीत नेलं. धाकट्याने माठाच्या ओल्या अंगाला हात लावला, तो गार हात गालाला लावला, माझ्याकडे बघितलं, परत माठाकडे. मी मनात आकडे मोजत होते. सातवर तो म्हणाला, "पा." मी ग्लास दिला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

कोल्हापूरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. आता "याला काय हवंय गं?" हे ताईला विचारायचं नाही असं ठरलंय. पण एक नवीन झालंय. धाकट्याला बागेत नेलं की ती सासूबाईंकडे थांबते, खेळते, पण रात्री दोनला दचकून उठते आणि अंधारात त्याचं अंथरूण चाचपते. तो सापडला की झोपते. चिपळूणच्या आजी, तुमची थोरली असं करायची का? काही दिवस तिलाच आधी नेऊ की फिरणं आठवड्यातून तीन दिवसांवर आणू?