मदत हवी आहे: बिल भरण्याच्या पद्धतीवर जादा शुल्क

इंटरनेट कंपनीने गेल्या दोन बिलांपासून शेवटी 'पेमेंट हाताळणी शुल्क' अशी एक ओळ घुसवली आहे. कार्डाने भरलं तर टक्केवारी, काउंटरवर रोख भरलं तर ठरावीक रक्कम, छापील बिल हवं असेल तर त्याचे वेगळे. फुकट फक्त खात्यातून आपोआप कपात. ती नको आहे, कारण मागे एकदा दुप्पट बिल आलं होतं. भरण्याआधी पाहिलं म्हणून वाचलो.

कस्टमर केअरला दोनदा फोन झाला, लेखी तक्रारही केली. उत्तर एकच, "बँक आमच्याकडून घेते." कार्डाचं समजू शकतो, तिथे बँकेचा आकार खरोखर असतो. पण रोखीवर कसला? करारात या शुल्काचा उल्लेखच नाही, फक्त 'दर बदलू शकतात' एवढं मोघम वाक्य. (युरोपीय संघात जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या बहुतेक कार्डांवर असा अधिभार लावता येत नाही, आम्हाला तो नियम लागू नाही.)

कंपनी बदलता येणार नाही, इमारतीत दुसरी लाइनच नाही. मुदत आठ दिवसांवर आहे.

शुल्क वगळून मूळ रक्कमच भरली तर थकबाकी दाखवून कनेक्शन तोडतात का? की हरकत नोंदवून पूर्ण भरावं आणि मग परतावा मागावा? कुणाला असे पैसे परत मिळाले असतील तर तक्रारीत नेमकं काय लिहिलं होतं?