मदत हवी आहे: अपघातानंतर गप्प झालेली भाची, आर्ट थेरपी आणि माझी एक चूक

भाची पंधरा वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी गाडीला अपघात झाला तेव्हा ती मागच्या सीटवर होती. जखमा भरल्या, पण अजून हॉर्न वाजला की दचकते, रात्री दिवा मालवू देत नाही आणि त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. समुपदेशक बाईंनी आर्ट थेरपी सुचवली. ताई लगेच तयार झाली. भावजी म्हणाले, "चित्रं काढून कुणी बरं झालंय का?" मला उत्तर देता आलं नाही.

सहा सेशन्स झाली. मग ती घरीही काढायला लागली. एकदा काळा खडू इतका दाबून घासत होती की तो मोडला. तिने उरलेल्या तुकड्याचं वेष्टण नखाने सोललं आणि पुन्हा तितक्याच जोराने सुरू. उठली तेव्हा खांदे खाली आले होते. एरवी कानाला चिकटलेले असतात.

त्या काळ्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका होता. मला वाटलं, आशेचा किरण! (हसू नका.) फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. कुणीतरी फोन करून तिला "किती छान चित्र गं" म्हणालं. तिने वही फाडली. दोन आठवडे झाले, रंगांना हात नाही, सेशनलाही जायचं नाही म्हणते. आता काय करू? चित्राबद्दल काही विचारायचंच नाही का? आणि चित्रांऐवजी दुसरं काही असतं का?

प्रतिसाद १
मी या क्षेत्रात काम करते. आधी भावजींचं. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये असताना चित्रांनी त्याला तारलं होतं. तरी भावजींची शंका उडवून लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या पीटीएसडीसाठी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) शिफारस आहे ती ट्रॉमावर, म्हणजे त्या धक्क्यावर, केंद्रित सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) आणि ईएमडीआरची (ती आठवण मनात आणत डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी थेरपी). त्यामुळे बाईंना सरळ विचारा, यातलं काही पुढे करणार आहात का? बरेचदा चित्र ही तिथवर जायची वाट असते. जे तोंडाने सांगवत नाही ते मूल आधी कागदावर मांडतं, शब्द मागून येतात.

पिवळा ठिपका म्हणजे गाडीचा दिवाही असेल. किंवा नुसता पिवळा ठिपका. अर्थ तिला सांगायचा असेल तेव्हा ती सांगेल. "छान"सुद्धा नको, कारण मग पुढचं चित्र छान दिसावं म्हणून काढलं जातं. माफी मागा, पण एका वाक्यात. "तुला न विचारता फोटो पाठवला, चुकलं." स्पष्टीकरण देत बसू नका. ग्रुपवरून फोटो काढून टाका आणि तेही तिला सांगा. स्वतःला इजा करायची भाषा आली किंवा झोप पार उडाली, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

प्रतिसाद २
मी सोळाव्या वर्षी यातून गेलोय. चित्रं मला कधीच जमली नाहीत, ड्रम जमला. बोलायचं नसतं, समोरच्याच्या ठेक्यात ठेका मिसळायचा, बस्स. नाटकाचा गट मात्र नको वाटला, फार लवकर "तो प्रसंग करून दाखव" म्हणाले. वाळूचा ट्रे आणि छोट्या आकृत्या, असंही असतं. लहान मुलांचा खेळ वाटेल, पण मी तासभर नुसता रस्ता आखत बसायचो. तिला दोन-तीन गोष्टी दाखवा आणि निवडू द्या. नको म्हणाली तर नको.

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल माफी मागितली. "हं" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आज सकाळी तिनेच विचारलं, "कुलूप लागेल असा डबा आहे का?" किल्ली एकच असलेला शोधतेय. ड्रमचं पुढच्या आठवड्यात विचारेन, आत्ता नाही.