प्रियोळचं मत उत्तरेत

उत्तर गोवा लोकसभा मतदारसंघ म्हणजे उत्तर गोवा जिल्हाच असं म्हटलं जातं, ते तेवढं बरोबर नाही हो. २००९ पासून गोव्याच्या दोन लोकसभा मतदारसंघांची पणजी आणि मुरगाव ही जुनी नावं गेली, पण उत्तर गोवा, दक्षिण गोवा ही नवी नावं जिल्ह्यांसारखीच असली तरी हद्दी जिल्ह्यांशी जुळत नाहीत. फोंडा तालुक्यातले फोंडा, शिरोडा, मडकई हे विधानसभा मतदारसंघ दक्षिणेत मतदान करतात आणि त्याच तालुक्यातलं प्रियोळ मात्र उत्तरेत, २०१५ साली अख्खा फोंडा तालुका दक्षिण जिल्ह्यात गेला तरी मतदारसंघ तसेच राहिले.

माझी मावशी प्रियोळ मतदारसंघातल्या म्हार्दोळची, बाजार सगळा फोंड्यात. २०२४ च्या लोकसभेला आठवडाभर तिकडे दक्षिणेच्या उमेदवारांचे बॅनर बघितले आणि मशीनवर नावं उत्तरेच्या श्रीपाद नाईक, रमाकांत खलप यांची! अशा माणसांचे प्रश्न नेमके कोणाच्या दारात न्यायचे, हे मला खरंच टोचतं.