नळी लांबते, पेशी तेवढ्याच

किड्याच्या गर्भात श्वासाची नळी घडताना पेशींची संख्या वाढत नाही, तर नळी लांब होते कशी, हा प्रश्न रास्त आहे. फळमाशीच्या गर्भात श्वासनलिका घडवणाऱ्या एकेका गटात साधारण ८० पेशी असतात. गर्भाच्या पृष्ठभागावरून आत वळल्यावर त्या विभागतच नाहीत, नुसत्या जागा बदलतात.

आमच्याकडे निंदायला निघालेल्या बाया रस्त्यानं दोघी-दोघी गप्पा मारत जातात. धुऱ्यावर चढल्या की एकीमागे एक. बाया तेवढ्याच, रांग दुप्पट! नळीच्या बारीक फांदीत हेच होतं: शेजारच्या दोन पेशी पुढे-मागे सरकतात, आणि प्रत्येक पेशी पोकळीभोवती गुंडाळून स्वतःच्याच कडेला जोडली जाते.

'फांदीच्या टोकाच्या पेशी बाकीच्यांना ओढतात, झालं' असं उत्तर कोणी देतं, ते मात्र अर्धंच वाटतं. मुख्य जाड नळीत स्पाल्ट जनुक चालू असतो, तो ही सरकासरकी होऊ देत नाही. पाठीकडच्या फांदीत डीपीपी या निरोप्या प्रथिनाच्या संदेशानं क्निर्प्स हा दुसरा जनुक जागा होतो आणि स्पाल्टला गप्प करतो. स्पाल्ट तिथं मुद्दाम चालू ठेवला, तर तीही फांदी जाडच राहते.

आणि या सरकासरकीला ब्रेक? पोकळीत सोडलेली पिओपिओ आणि डंपी ही प्रथिनं. ती नसली की पेशी सरकतच राहतात, शेवटी एकमेकींपासून सुटतात, नळी तुटते. हे २००३ साली दाखवलं गेलं.

हरभऱ्यावरची घाटेअळी भिंगाखाली धरा. कुशीवर ओळीनं ठिपके दिसतील, ती श्वासरंध्रं, म्हणजे अशाच नळ्यांची बाहेरची तोंडं. फवारणीच्या घाईत कोण बघतं म्हणा!